दोन एसटी भरतील एवढी माणसं

वाद भाच्याच्या एका वाक्यावरून पेटला. तात्यांच्या डाळिंबाच्या गाळ्यासमोर जो ओटा आहे, तिथं आम्ही रोज संध्याकाळी बसतो. आत बाया माल निवडत असतात, बाहेर आमचं चालू असतं. भाचा, म्हणजे तात्यांच्या बहिणीचा मुलगा, स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करतोय. त्या दिवशी तो मोबाईलवर काहीतरी वाचत होता आणि वाचता वाचता म्हणाला, "सांगोला म्हणजे शेकापचा, शेतकरी कामगार पक्षाचा बालेकिल्ला. एकच माणूस चोपन्न वर्षं आमदार. हितं निवडणूक नुसती नावाला असायची."

मास्तरांनी चहाचा कप खाली ठेवला. मास्तर रिटायर होऊन आठ वर्षं झाली, पण चुकीचं उत्तर ऐकलं की त्यांना अजून राहवत नाही.

"चोपन्न कुठून आणलीस?"

"सगळीकडं तसंच लिहिलंय, मास्तर."

"सगळीकडं असू दे. तू बेरीज केलीस का?"

तात्यांनी शेजारचं घडी घातलेलं खोकं उघडलं आणि त्याची एक पाकळी मास्तरांपुढं केली. मालाचा नंबर टाकायचा निळा मार्कर तिथंच पडलेला होता. मास्तरांनी पाकळीवर लिहायला सुरुवात केली. १९६२, १९६७. मग १९७२ लिहून त्यावर फुली. १९७४, १९७८, १९८०, १९८५, १९९०. मग १९९५, फुली. १९९९, २००४, २००९, २०१४.

"फुल्या सोडून मोज."

भाच्यानं मोजलं. अकरा.

"बरोबर. गणपतराव देशमुख, आपले आबा, अकरा वेळा आमदार झाले. आता वर्षं. १९६२ ते ७२, दहा. १९७४ ते ९५, एकवीस. १९९९ ते २०१९, वीस. किती झाली?"

"एक्कावन्न."

"मग एक्कावन्न म्हण. एक्कावन्न काय कमी आहेत?"

कंडक्टर नाना हसले. नानांची सगळी नोकरी एसटीत गेली. ते म्हणाले, "मास्तर, पोरगं तीन वर्षं जास्त बोललं तर आबांचं काय बिघडलं?"

मास्तर हसले नाहीत, आणि मला त्यांचं पटलं. कारण असे आकडे कशानं फुगतात ते बघितलं की सगळं कळतं. मधल्या दोन फुल्या पुसल्या की आकडा फुगतो. आमच्या तालुक्याची खरी गोष्ट तर त्या दोन फुल्यांतच आहे. १९७२ आणि १९९५. त्या पुसल्या की उरतो तो नुसता पुतळा, आणि ज्यांनी मतं दिली आणि ज्यांनी नाकारली ती माणसं गायब होतात.

मी तसं म्हणालो. त्यावर तात्या एकदम सरसावले. तात्या पहिल्यापासून आबांचे विरोधक शहाजीबापू पाटील यांच्या बाजूचे. लपवत नाहीत, आणि आम्हालाही त्याचं कधी वाईट वाटलेलं नाही.

"आता कसं बोललास! १९९५ ला बापूंनी आबांना पाडलं. किती मतांनी?"

"१९२," मास्तर म्हणाले.

"१९२! आन् म्हणं बालेकिल्ला. बालेकिल्ला असा १९२ मतांनी पडत आसतोय व्हय?"

मास्तरांनी त्या १९९५ च्या फुलीपुढं १९२ लिहिलं. नाना ते वाकून बघत राहिले. मग म्हणाले, "म्हणजे ९७ माणसं."

"९७ कशी?"

"१९२ चं निम्मं ९६. आन् एक जास्त. ९७ माणसांनी हिकडचा शिक्का तिकडं मारला आसता तर आबा निवडून आले आसते. ४४ शिटाच्या दोन गाड्या भरायच्या. आठ्ठ्याऐंशी बसून, नऊ उभी. आषाढीला यापेक्षा जास्त मी एका गाडीत घेतलीत."

हे नानांनी इतक्या सहज मांडलं की थोडा वेळ कुणीच काही बोललं नाही. इतकी वर्षं तो १९२ चा आकडा आम्ही ऐकतोय, पण दोन एसटी कुणाच्या डोळ्यापुढं उभ्या राहिल्या नव्हत्या. एक महूदची, एक कोळ्याची, अशा दोन गाड्या. एवढ्याच माणसांनी तालुक्याचा आमदार बदलला.

भाच्याला हे आवडलं. त्यानं लगेच दुसरा आकडा काढला. "मग २०१९? तेव्हा आबा उभेच नव्हते. नातू उभा होता, डॉक्टर अनिकेत देशमुख. बापू शिवसेनेकडून. ७६८ मतांनी बापू आले."

"३८५ माणसं," नाना. "नऊ गाड्या. शेवटच्या गाडीत अकरा शिटा मोकळ्या राहत्यात."

दोघांना मिळून दोन लाखांच्या आसपास मतं पडली होती त्या निवडणुकीत. त्यातल्या नऊ गाड्या.

तात्यांना राहवलं नाही. "आता तुम्ही गाड्याच मोजत बसा. मी सांगतो ते ऐका. बापू १९९५ ला निवडून आले, त्यानंतर पुन्हा आमदार व्हायला त्यांना २४ वर्षं लागली. २४ वर्षं! दुसरा आसता तर घर सोडून पुण्याला जाऊन प्लॉटिंग केलं आसतं. हा गडी पडला, पुन्हा उभा राहिला. २०१४ ला पंचवीस हजारांनी पडला, तरी २०१९ ला उभा राहिला. लोक आबांची चिकाटी सांगत्यात. बापूंची चिकाटी कोण सांगत नाही. देशाला काय माहीत हाय तर झाडी, डोंगर आन् हाटील."

इथं मी तात्यांच्या बाजूनं बोललो आणि तेही चकित झाले. जून २०२२ मध्ये गुवाहाटीहून केलेल्या एका फोनमुळं आमच्या तालुक्याचं नाव घरोघरी गेलं. आजही पुण्या-मुंबईत "सांगोल्याचा" म्हटलं की समोरचा पहिल्यांदा तेच वाक्य म्हणतो. पण चिकमहूदच्या या माणसाचं राजकारण त्या एका फोनात मावत नाही. चार दशकं या तालुक्यात शेकापच्या विरोधात कुणीतरी उभं राहत होतं, गावागावात आपला गट टिकवत होतं, पडल्यावर पुन्हा पारावर येऊन बसत होतं. हे नसतं तर आबांची अकरा वेळची निवडही मोलाची ठरली नसती. बिनविरोध निवडून येणाऱ्याला कोण विचारतो?

मला जे सांगायचं होतं ते हेच. लोक सांगोल्याला बालेकिल्ला म्हणतात ते मला मान्य नाही. बालेकिल्ला म्हणजे जिथं लढाई होत नाही ती जागा. इथं दर पाच वर्षांनी लढाई व्हायची. निम्मा तालुका हिकडं, निम्मा तिकडं, आणि मधल्या दोन-चार एसटी कुठं झुकतील याचा भरवसा नाही. आबा मंत्री असोत वा नसोत, गावोगाव फिरत राहिले, एसटीनं मुंबईला जात राहिले, याला त्यांचा स्वभाव कारण होताच. पण मी म्हणतो, त्या स्वभावाला तालुक्यानं सैल पडू दिलं नाही. १९९५ ची ती ९७ माणसं नंतरच्या वीस वर्षांत तालुक्याच्या उपयोगी पडली.

"हे नाही पटत," मास्तर म्हणाले. "आबा भीतीनं चांगले होते म्हणतोस?"

"भीतीनं नाही, मास्तर. हिशेब द्यायचाय या जाणिवेनं."

"जाणीव पहिल्यापासूनच होती. १९६२ साल बघ. राज्यात काँग्रेसच्या २६४ पैकी २१५ जागा आल्या. यशवंतराव चव्हाणांचा काळ, संयुक्त महाराष्ट्र नुकताच मिळालेला. शेकापचे मोठे नेते, केशवराव जेधे, शंकरराव मोरे, केव्हाच काँग्रेसमध्ये परत गेलेले. अशा वेळी पस्तिशीतला एक वकील लाल बावट्यावर इथून निवडून येतो. त्याला तेव्हा जायला कुठलीही वाट मोकळी होती. तो गेला नाही. शेवटपर्यंत गेला नाही. एक पक्ष, एक मतदारसंघ."

भाचा म्हणाला, "देशात विक्रमच आहे म्हणे तो. करुणानिधींचा मोडला."

मास्तरांनी पुन्हा कप खाली ठेवला. "करुणानिधी तेरा वेळा निवडून आले. एकदाही पडले नाहीत. केरळात पालाहून के. एम. मणी, तेही तेरा वेळा. ओमन चंडी पुथुपल्लीहून बारा वेळा. परीक्षेत विक्रम लिहून येशील आणि मार्क घालवशील."

"मग आबांचं काय विशेष?"

"करुणानिधींनी मतदारसंघ बदलले. कुलिथलै, तंजावर, सैदापेट, शेवटी तिरुवारूर. मणींचा मतदारसंघ एकच, पण त्यांच्या केरळ काँग्रेसची किती शकलं झाली ते तूच वाच. आबा पडले त्याच गावात राहिले, पडले त्याच पक्षात राहिले, आणि तिथूनच पुन्हा निवडून आले. हे विक्रमाच्या वहीत बसत नाही. पण मला ते तेरापेक्षा मोठं वाटतं."

मास्तरांचा आवाज थोडा जड झाला होता. ३० जुलै २०२१ ला आबा गेले, तेव्हा त्यांनी नव्वदी ओलांडली होती. त्या दिवशी मास्तरांनी दिवसभर काही खाल्लं नव्हतं, हे आम्हाला ठाऊक आहे. विषय बदलावा म्हणून की काय, नाना १९७२ वर आले.

"मी तेरा वर्षांचा होतो. मार्च महिन्यात मतदान झालं, आबा पडले. राज्यात काँग्रेसची लाट होती, २७० मधल्या २२२ जागा. आन् त्या पावसाळ्यात आभाळच फिरलं नाही. आय खडी फोडायला जायची, मी सोबत जायचो. दगडावर दगड ठेवून घाव घालायचा, चिपरी डोळ्यात जाऊ नये म्हणून पदर आडवा. दुपारी सुकडी मिळायची. घरी मिलोची भाकरी. लाल, चामड्यासारखी. गार झाली की मोडायचीबी नाही. माझी आय मरंपर्यंत लाल ज्वारी बघितली की तोंड फिरवायची."

कुणी मध्ये बोललं नाही.

"१९७४ ला पोटनिवडणूक लागली तवा तालुका ती खडी फोडून बसला होता. आबा निवडून आले. मला मत नव्हतं, पण मिरवणुकीत मी हलगीमागं पळालेला हाय."

दुष्काळामुळंच निकाल फिरला असं छातीठोकपणे मी म्हणणार नाही. पोटनिवडणुकीची गणितं निराळी असतात. पण एक गोष्ट मला कायम दिसते. रोजगार हमीचा कायदा राज्यात १९७७ ला झाला, आणि १९९९ ला विलासरावांच्या मंत्रिमंडळात आबा गेले तेव्हा पणनाबरोबर रोजगार हमीचं खातं त्यांच्याकडं होतं. ज्या तालुक्यानं खडी फोडली त्याचाच आमदार त्या खात्याचा मंत्री झाला. आणि २००२ ला शेकापनं सरकारचा पाठिंबा काढला, तेव्हा ते मंत्रिपदही सुटलं. त्यावरून तालुक्यात कुणी नाराज झाल्याचं मला आठवत नाही.

"नाराज कशाला होतील?" तात्या म्हणाले. "मंत्रिपदानं पाणी थोडंच आलं? मी सरळ विचारतो. एक्कावन्न वर्षं आमदार, मग पाणी यायला एवढा उशीर का? विरोधात बसून भाषणं चांगली होत्यात. पाणी सत्तेतनं येतंय. बापू सत्तेत गेले, सांगोला उपसा सिंचन योजना मंजूर करून आणली, बाळासाहेब ठाकऱ्यांचं नाव दिलं. लोक गुवाहाटीला नावं ठेवत्यात, पाण्याचं कोण बोलत नाही."

हा प्रश्न खरा आहे. माझ्याकडं त्याचं सोपं उत्तर नाही. मास्तरांनी प्रयत्न केला. आटपाडीला नागनाथअण्णा नायकवडींनी १९९३ पासून पाणी परिषदा घेतल्या, तेरा दुष्काळी तालुक्यांची माणसं जमवली, त्यात आबा पहिल्यापासून होते. कृष्णेचं पाणी आपल्याकडं चढवता येतं, ही गोष्टच तेव्हा लोकांना खोटी वाटायची. टेंभू, म्हैसाळ ही उपसा योजनांची नावं आज शाळेतल्या पोरालाही माहीत आहेत, ती त्या परिषदांमधून तोंडी बसली. "मागणी आधी जन्माला यावी लागते, तात्या. मंजुरी नंतर येते," मास्तर म्हणाले.

"मागणीवर बाग जगत नाही, मास्तर. मी टँकरनं झाडं जगवलीत. एका झाडाला किती घागरी, ते मला इचारा."

यावर मास्तर गप्प बसले. तात्यांच्या बागेत टँकर उभा राहिलेला आम्ही सगळ्यांनी बघितलाय. आणि खरं सांगायचं तर सांगोल्याच्या प्रत्येक निवडणुकीत हाच वाद निरनिराळ्या चिन्हांखाली झालेला आहे. आपला माणूस हवा की सत्तेतला माणूस हवा. कधी हे जिंकलं, कधी ते.

भाचा तेवढ्यात खोक्याच्या दुसऱ्या पाकळीवर काहीतरी मांडत होता. त्याला एक नियम सापडला होता. "बघा, सांगोला कायम वाऱ्याच्या उलट जातंय. १९६२ ला राज्य काँग्रेसचं, हितं शेकाप. १९८० ला इंदिरा काँग्रेसच्या १८६ जागा, हितं शेकाप. १९९५ ला राज्यात काँग्रेस ८० वर आली, युतीचं सरकार बसलं, तर हितं काँग्रेसचे बापू निवडून आले! आणि २०२४ ला महायुतीच्या २३० जागा, हितं पुन्हा शेकाप."

१९९५ चं माझ्याही ध्यानात आलं नव्हतं. राज्यानं काँग्रेस नाकारली त्याच दिवशी आम्ही तिला निवडून दिलं. पोरानं चांगलं हेरलं होतं.

"आणि १९७२? लाटेबरोबर," मास्तर. "२०१९? युतीला बहुमत, इथं शिवसेनेचा आमदार. दोन पाय मोडले तुझ्या नियमाचे."

"मग समाजाचं गणित धरा," भाचा म्हणाला. "धनगर समाज मोठा, म्हणून देशमुख."

हे बोलताना आजूबाजूला बघायची सवय असते लोकांना. आमच्या ओट्यावर नाही. नाना स्वतः धनगर, तात्या मराठा, आणि दोघांची शेतं बांधाला बांध. नाना म्हणाले, "समाज हाय, खोटं कशाला बोलायचं. पण १९९० ला जो समाज होता तोच १९९५ ला होता. गावं तीच, घरं तीच. मग पडले कसे? आन् एकट्या समाजावर अकरा वेळा कोण येत न्हाय. माझ्या गावात शेकापचा झेंडा ज्या घरावर पहिल्यांदा लागला ते घर आमचं न्हवतं, तात्याच्या भावकीतलं होतं."

"व्हय," तात्या म्हणाले. "माझा चुलता."

हे मला नवीन होतं. तात्यांनी पुढं सांगितलं की चुलत्यानं मरेपर्यंत आबांना मत दिलं आणि त्याच घरात तात्यांनी बापूंचं काम केलं. मतदानाच्या दिवशी दोघं एकाच बैलगाडीतून जायचे, वाटेत बोलायचे नाहीत, येताना बोलत यायचे. सांगोल्याचा निवडणुकीचा इतिहास लिहायला कुणी बसलं तर त्यानं या बैलगाडीवरही चार ओळी लिहाव्यात.

राहता राहिलं २०२४. त्यावर मात्र आवाज चढले. डॉक्टर बाबासाहेब देशमुख, आबांचे दुसरे नातू, शेकापकडून. बापू शिंदेंच्या शिवसेनेकडून. आणि दीपकआबा साळुंखे उद्धव ठाकऱ्यांच्या मशालीवर. आमच्याकडं नुसतं आबा म्हटलं की गणपतआबा, हे दुसरे नेहमी नाव लावून. बाबासाहेब पंचवीस हजारांच्या वर मतांनी आले. अख्ख्या विधानसभेत शेकापचा तो एकच आमदार.

"तिरंगी झाली म्हणून," तात्या. "२०१९ ला दीपकआबा बापूंसंग होते, बापू आले. २०२४ ला बाजूला झाले, बापू पडले. दोघांची मतं मिळवा, शेकापपेक्षा जास्त हायत."

"मतं अशी मिळवता येत नाहीत," मी म्हणालो. "दीपकआबांना पन्नास हजारांच्या घरात पडली. त्यातली मशालीची मतं बापूंना गेली असती का? गुवाहाटीवर राग धरून बसलेला माणूस बापूंच्या नावापुढचं बटण दाबेल?"

"आन् गेली नसती कशावरनं?"

"आणि सगळी गेली असती कशावरनं?"

मास्तर मध्ये पडले. त्यांचं म्हणणं, महाविकास आघाडीनं ही जागा शेकापला सोडायला हवी होती. तात्यांचं म्हणणं, मग सरळ लढत होऊन बापू आले असते. नानांचं म्हणणं, दोघांनाही काही माहीत नाही, कारण २०१९ च्या नऊ गाड्यांतली माणसं पाच वर्षं घरी बसून पश्चात्ताप करत होती, ती आबा गेल्यावर ठरवूनच आली होती. "आबांचं कर्ज होतं ते. फेडलं," नाना म्हणाले. "आता कर्ज न्हाय. पुढच्या येळंला डॉक्टरला सोताच्या कामावर मतं मागावी लागतील."

"मागू दे की," तात्या म्हणाले. "आमचा बापू हितंच हाय."

आतून हाक आली. गाडी भरायची होती, पुण्याच्या मार्केटला माल जायचा होता आणि एक खोकं कमी पडत होतं. तात्यांनी आमच्यापुढचं खोकं उचललं. भाचा म्हणाला, "मामा, पाकळी तरी फाडून ठेवू, मला अभ्यासाला होईल." तात्यांनी त्याच्याकडं असं बघितलं की तो पुन्हा बोलला नाही. पाकळ्या उलट्या दुमडून, लिहिलेली बाजू आत घालून तात्यांनी तळ चिकटवला, आत कागदाची कात्रणं पसरली, आणि १९६२ पासून २०२४ पर्यंतच्या सगळ्या सालांवर भगव्या डाळिंबांचा पहिला थर लावला.